कॅन्सरच्या फाईलमधले ओळखीचे शब्द

"काका, रिपोर्ट आला. तिन्ही निगेटिव्ह!" शेजारच्या घरातल्या मुलाचा फोन होता. त्याच्या आईच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. आठ-दहा दिवस घरात कुणाला धड झोप नव्हती, आणि आता कागदावर एकाखाली एक तीनदा 'निगेटिव्ह' छापून आलं होतं. मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, देवापुढे साखर ठेवते म्हणून. मला काय बोलावं ते सुचेना. करोनाच्या दोन वर्षांनी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसवलंय की निगेटिव्ह म्हणजे सुटलो. इथे तसं नव्हतं. कॅन्सर आहे, हे त्याच कागदावर वरच्या ओळीत लिहिलं होतं: 'इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा'. ते शब्द अनोळखी, म्हणून त्याची नजर तिथून घसरली आणि ओळखीच्या शब्दावर येऊन थांबली.

मी डॉक्टर नाही. घरातल्या दोन आजारपणांत फायली वाहिल्या, रांगेत उभा राहिलो, कंटाळेपर्यंत प्रश्न विचारले, एवढंच माझं शिक्षण. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. अवघड शब्द फारसा घात करत नाहीत, कारण ते कळत नाहीत हे आपल्याला कळतं आणि आपण विचारतो. घोळ घालतात ते निगेटिव्ह, स्टेज, चार, पाच वर्षं असले रोजचे शब्द. ते आपल्याला आधीच येतात असं वाटतं. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

तर आधी निगेटिव्ह. हा शब्द दिसला की एकच प्रश्न विचारायचा: काय निगेटिव्ह? स्तनाच्या कॅन्सरमध्ये गाठीचा तुकडा काढल्यावर त्यावर आणखी एक तपासणी होते, तिला आयएचसी म्हणतात. तिचा निकाल यायला बऱ्याचदा आणखी काही दिवस लागतात. त्यात तीन गोष्टी बघतात: ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोन म्हणजे पेशीचे कान समजा. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचा 'वाढ' असा निरोप या पेशींना ऐकू येतो का, एवढंच ते सांगतात. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे ऐकू येतो. मग तो कान बंद करणारी टॅमॉक्सिफेनची गोळी आहे, पाळी गेलेल्या बायकांसाठी इस्ट्रोजेन तयार होणंच कमी करणारी लेट्रोझोल आहे. या गोळ्या ५ वर्षं, कधी १० वर्षंही चालतात. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. ते जरुरीपेक्षा खूप जास्त असेल तर पेशी भराभर वाढतात. एके काळी हर-टू पॉझिटिव्ह ही वाईट बातमी होती. १९९८ साली अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. ते नेमकं याच प्रथिनाला जाऊन चिकटतं, आणि त्यानंतर या रुग्णांचं चित्र पालटलं. म्हणजे इथे पॉझिटिव्हचा अर्थ 'औषधाला आत शिरायला दार आहे' असा. तिन्ही निगेटिव्ह म्हणजे ही तीन दारं बंद आहेत.

बंद दारांचा अर्थ इलाज नाही असा मात्र नव्हे. अशा कॅन्सरला केमो बऱ्याचदा चांगली लागू पडते, काही रुग्णांना इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं औषध देतात, आणि बीआरसीए या आईबापांकडून येऊ शकणाऱ्या जनुकातल्या बिघाडाची चाचणी सुचवतात. ती चाचणी आईपुरती नसते, तिच्या बहिणींसाठी आणि मुलांसाठीही असते. हे घरच्यांना बरेचदा कुणी सांगत नाही. तिन्ही निगेटिव्ह असण्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे जास्त आढळतं. हर-टूपुढे '२ अधिक' असं असेल तर तो होही नाही आणि नाहीही नाही. मग फिश नावाची पुढची तपासणी करतात. तिचा मासळीशी संबंध नाही, पण हे मला सांगावं लागलेलं आहे.

आता उलटी बाजू. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये 'मार्जिन निगेटिव्ह' असेल तर साखर जरूर ठेवा. काढलेल्या गाठीच्या कडांना कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत, असा त्याचा अर्थ. काखेतल्या छोट्या नैसर्गिक गाठींपुढे, म्हणजे लसिकाग्रंथींपुढे, ०/१४ लिहिलं असेल तर १४ तपासल्या आणि एकीतही काही सापडलं नाही. सीटी स्कॅनमध्ये यकृतापुढे 'अनरिमार्केबल' दिसलं की लोक दचकतात. त्याचा अर्थ साधा: सांगण्यासारखं काही नाही, यकृत व्यवस्थित आहे. 'लीजन' आणि 'नोड्यूल' हे शब्दही ऐकायला भीतीदायक आहेत, पण ते स्वभावानं तटस्थ. इथे वेगळं काहीतरी दिसतंय, एवढंच ते म्हणतात. ते वेगळं म्हणजे काय हे बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून केलेली तपासणी सांगते.

बायोप्सीवरून एक जुनी समजूत, सुई टोचली की कॅन्सर पसरतो. या भीतीनं लोक तपासणी महिनोन्महिने लांबवतात, आणि पसरायला खरा वेळ तिथे मिळतो. वृषणाच्या गाठीसारख्या थोड्या ठिकाणी डॉक्टर स्वतःच बाहेरून सुई टाळतात. स्तनाच्या गाठीत जाड सुईनं तुकडा घेणं हीच रीतसर पद्धत आहे. आणि एक व्यवहाराची गोष्ट: या तुकड्याचे मेणातले ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड्स जपून ठेवलेल्या असतात. दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता कागद घेऊन जाऊ नका, ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात त्या पहिल्यांदा विचारतात, आणि गावाहून आलेला माणूस पुन्हा एसटी पकडून परत जातो.

शब्दांनंतर आकड्यांची पाळी. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेच्या रिपोर्टच्या शेवटी 'बायरॅड्स ४' असं असतं. ते वाचून चौथी स्टेज झाली म्हणून रडारड झालेलं घर मी पाहिलंय. तेव्हा बायोप्सीही झालेली नव्हती. बायरॅड्स हा रोगाचा टप्पा नाही, तो फोटो बघणाऱ्याच्या संशयाचा आकडा आहे. २ म्हणजे साधी गाठ, ३ म्हणजे बहुतेक साधीच पण लक्ष ठेवा, ४ म्हणजे संशय आहे, तुकडा तपासा, ५ म्हणजे दाट संशय. ४ चा पट्टा फार रुंद आहे: कॅन्सर निघण्याची शक्यता त्यात २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. ० आला तर तोही शुभ शून्य नव्हे. चित्र अपुरं आहे, आणखी तपासणी हवी, असं तो सांगतो.

प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या कॅन्सरमध्ये पेशी किती बिघडल्यात हे सांगणारा ग्लीसन हा आकडा असतो, तो साधारण ६ ते १० मध्येच सापडतो. त्यामुळे '३ अधिक ३ बरोबर ६' हे १० पैकी ६ नव्हे, ती जवळपास सगळ्यात खालची पायरी आहे. '३ अधिक ४' आणि '४ अधिक ३' यांची बेरीज ७ च येते, पण दुसरा जास्त आक्रमक, कारण आधी लिहिलेला आकडा जास्त पसरलेल्या नमुन्याचा. शाळेत क्रम बदलला तरी बेरीज बदलत नाही असं शिकवतात; इथे अर्थ बदलतो.

ग्रेड आणि स्टेज यांची गल्लत तर डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर रोज ऐकू येते. ग्रेड म्हणजे पेशींचा स्वभाव. सूक्ष्मदर्शकाखाली त्या मूळच्या पेशींसारख्या दिसतात की पार बिघडल्यात, आणि किती वेगानं विभागतायत, यावरून १, २ किंवा ३. स्टेज म्हणजे रोग कुठवर पोचला. चोर किती खतरनाक आहे हा एक प्रश्न आणि तो घरात किती आत शिरलाय हा वेगळा. ग्रेड ३ ची गाठ पहिल्या स्टेजमध्ये सापडू शकते, तशी ग्रेड १ ची उशिराच्या स्टेजमध्येही.

स्टेज ठरते टी, एन आणि एम या तीन अक्षरांवर. टी गाठीची, एन आजूबाजूच्या लसिकाग्रंथींची, म्हणजे काखेतल्या, गळ्यातल्या गाठींची, आणि एम रोग दूरच्या अवयवात गेला का याची. स्तनासाठी २ सेंटीमीटरपर्यंत टी१, ५ पर्यंत टी२, त्यापुढे टी३. तोंडाच्या कॅन्सरमध्ये आता नुसता आकार पाहत नाहीत, गाठ किती खोल गेली हेही मोजतात. या अक्षरांपुढे एक छोटं अक्षर असतं. सी असेल तर तो हातानं तपासून आणि स्कॅनवरून केलेला अंदाज, पी असेल तर काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरवलेलं, आणि वाय असेल तर आधी केमो किंवा रेडिएशन होऊन गेलंय.

चौथी स्टेज म्हणजे शेवट, हे समीकरणही सरसकट खरं नाही. तंबाखू-गुटख्यानं आपल्याकडे तोंडाचे कॅन्सर खूप दिसतात, आणि त्यांत '४-ए' ही स्टेज बऱ्याचदा लिहिलेली असते. गाल किंवा जबड्याचा रोग हाडात शिरला तरी ४-ए होऊ शकते, आणि तो दूर गेलेला नसतो. अशा रुग्णांचं ऑपरेशन बरं करण्याच्याच हेतूनं करतात, नंतर रेडिएशन देतात. उलट थायरॉइडच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये रुग्ण ५५ वर्षांखालचा असेल, तर रोग फुफ्फुसात गेलेला असला तरी स्टेज २ च लिहितात, कारण त्या वयात तो इलाजाला इतकी चांगली दाद देतो. वृषणाच्या कॅन्सरला चौथी स्टेजच नाही. तेव्हा आकडा कळला की त्याला अवयवाचं नाव जोडून विचारायचं: या कॅन्सरमध्ये या स्टेजचा अर्थ काय?

रोग दूर गेला की मेटास्टॅसिस. स्तनाचा कॅन्सर हाडात गेला तर घरचे सांगतात, आता हाडांचाही कॅन्सर झाला. झालेला नसतो. हाडात जाऊन बसलेल्या पेशी स्तनाच्याच असतात आणि औषधही स्तनाच्या कॅन्सरचंच चालतं. माणूस पुण्याहून नागपूरला राहायला गेला म्हणून वऱ्हाडी होत नाही, तसं.

हे शोधायला पेट स्कॅन करतात. पेट म्हणजे पोट नव्हे, हेही एकदा स्पष्ट केलेलं बरं. किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात आणि ती कुठे जास्त खपतेय ते बघतात. कॅन्सरच्या पेशी साखरेला हावऱ्या, म्हणून तिथे उजेड दिसतो. पण मेंदूही साखर खातो, साधा जंतुसंसर्गही उजळतो, आणि आपल्या देशात मुख्य म्हणजे टीबीच्या गाठीही तशाच चमकतात. रिपोर्टात 'अपटेक', म्हणजे तिथे साखर शोषली गेली, असं दिसलं की लगेच हाय खाऊ नये. एखाद्या ठिकाणी डॉक्टर पुन्हा सुई घालायला सांगतात ते याचसाठी.

इलाजाच्या शब्दांत फार अडायला होत नाही. मुख्य इलाज बहुधा ऑपरेशन. त्याआधी दिलेलं औषध निओ-अ‍ॅडज्युव्हंट, नंतरचं अ‍ॅडज्युव्हंट. फाईलवर 'एनएसीटी' लिहिलं असेल तर ऑपरेशनआधीची केमो. केमोची एक सायकल म्हणजे औषधाचा दिवस अधिक मधली विश्रांती, बऱ्याचदा २१ दिवसांची. रेडिएशनला खेड्यापाड्यात 'लाईट' किंवा 'शेक' म्हणतात आणि ते शब्द मला 'विकिरणोपचार'पेक्षा कितीतरी बरे वाटतात. फक्त 'शेक'मुळे काही जण भाजतं का म्हणून घाबरतात. देताना काही जाणवत नाही, कातडी नंतर काळवंडते.

एक शब्द मात्र पाठ करावा: काउंट. केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली जातात, त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल विशेष. फाईलवर त्यांना 'एएनसी' लिहितात. त्या काळात १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता का होईना रुग्णालय गाठायचं. याला फिब्राइल न्यूट्रोपेनिया म्हणतात आणि त्यात अँटिबायोटिक किती लवकर सुरू झालं यावर जीव अवलंबून असतो. घरातली थर्मामीटरची बॅटरी आजच तपासा.

'पॅलिएटिव्ह' शब्द ऐकला की लोक समजतात, डॉक्टरांनी हात टेकले. मीही एकदा समजलो होतो. खरं म्हणजे दुखणं, दम, मळमळ, झोप, मनाची घालमेल यांवर इलाज करणारी ती वेगळी टीम असते, आणि ती पहिल्या दिवसापासून मदतीला घेता येते. बोस्टनमध्ये पुढच्या टप्प्यातल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०१० साली छापला गेला. निम्म्यांना नेहमीच्या इलाजासोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीमही दिली. त्यांचे दिवस जास्त बरे गेले, एवढं अपेक्षितच होतं. पण ते जगलेही जास्त: मध्यक ११.६ महिने, दुसऱ्या गटात ८.९. 'पॅलिएटिव्ह केमो' हा मात्र वेगळा प्रयोग आहे. तिथे रोग पूर्ण जाण्याची अपेक्षा नसते, त्याला रोखून धरायचं असतं, आणि असं रोखलेलं आयुष्य काही रुग्णांत बरीच वर्षं चालतं.

इलाज लागू पडतोय का हे सांगणाऱ्या अक्षरांत एक मोठा खड्डा आहे. सीआर म्हणजे काहीच दिसत नाही, पीआर म्हणजे गाठी निदान ३० टक्के आकसल्या, एसडी म्हणजे जैसे थे, पीडी म्हणजे वाढ. हा पीआर आणि मघाचा हार्मोनचा पीआर यांचा काही संबंध नाही, फाईल एकच असली तरी. शेजारच्या मुलानं सहा महिन्यांनी पुन्हा फोन केला तेव्हा कागदावर 'पीसीआर' होतं. या वेळी तो आनंदलाही नाही, घाबरलाही नाही, म्हणाला, "हे करोनावालं पीसीआर नसणार ना?" नव्हतंच. आधीच्या केमोनं गाठ इतकी विरघळली, की ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागात आणि काखेतल्या गाठींत एकही जिवंत आक्रमक पेशी सापडली नाही, हा त्याचा अर्थ. तिन्ही निगेटिव्ह असलेल्या बाईच्या फाईलमध्ये याहून चांगली अक्षरं क्वचितच येतात. साखर तेव्हा ठेवली.

आता 'मध्यक' हा शब्द वर येऊन गेला, त्याकडे वळू. 'मीडियन सर्व्हायव्हल ८ महिने' हे वाक्य माणसं 'माझ्याकडे ८ महिने आहेत' असं वाचतात. दहावीच्या गणितातला मध्यक आठवा: सगळ्यांना ओळीत उभं केलं तर बरोबर मधला. म्हणजे निम्मे ८ महिन्यांच्या पुढे गेले, आणि किती पुढे हे मध्यक सांगतच नाही. स्टीफन जे गूल्ड हे हार्वर्डमधले जीवाश्मशास्त्रज्ञ. १९८२ साली त्यांना मेसोथेलिओमा, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर निघाला, मध्यक ८ महिने. ते २००२ पर्यंत जगले आणि गेले ते दुसऱ्याच कॅन्सरनं. सगळ्यांचं असं होत नाही, पण ओळीचं उजवं टोक किती लांब असू शकतं ते यावरून दिसतं. 'पाच वर्षांचा सर्व्हायव्हल रेट'ही तसाच. पाच वर्षंच जगाल असं तो म्हणत नाही, निदानानंतर पाच वर्षांनी १०० पैकी किती जण हयात होते हे म्हणतो. शिवाय तो पाच वर्षं किंवा त्याहून आधी निदान झालेल्यांचा हिशोब असतो. नंतर आलेली औषधं त्यात पूर्ण उतरलेली नसतात.

असे बरेच हिशोब येतात रुग्णांवर इलाज करून बघणाऱ्या चाचण्यांतून, म्हणजे क्लिनिकल ट्रायलमधून, आणि तिथली भाषा समजायला परळच्या टाटा मेमोरियलमधलंच एक उदाहरण घेऊ. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडलाय, गळ्यात गाठ हाताला लागत नाही. मग पहिल्याच ऑपरेशनमध्ये गळ्यातल्या ग्रंथीही काढायच्या, की गाठ दिसेपर्यंत थांबायचं? सर्जनांमध्ये वर्षानुवर्षं दोन तट होते. मग रुग्णांची परवानगी घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्या तसं दोन गटांत वाटप केलं. यालाच रँडमाइज्ड चाचणी म्हणतात. चिठ्ठी अशासाठी, की डॉक्टरनं स्वतः निवडलं तर धडधाकट रुग्ण नकळत एकाच बाजूला जातात. पहिल्या ५०० रुग्णांचे निकाल २०१५ साली छापले गेले. तीन वर्षांनी आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५. याला ओव्हरऑल सर्व्हायव्हल म्हणतात. रोग परत न येता जगलेले ६९.५ विरुद्ध ४५.९, तो डिसीज-फ्री सर्व्हायव्हल. दोन्ही वेगळे ठेवावेत. रोग परत येऊनही माणूस पुन्हा इलाज घेऊन जगू शकतो, म्हणून दुसरा आकडा नेहमी खालचा.

हाच निकाल तीन तऱ्हांनी सांगता येतो. मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी. हयात राहिलेल्यांत १२.५ टक्क्यांचा फरक; किंवा ८ जणांच्या ग्रंथी आधीच काढल्या तर एक मृत्यू टळतो. तिन्ही खरे. वर्तमानपत्रात बहुधा पहिला येतो, कारण तो मोठा दिसतो. नव्या औषधाची बातमी वाचताना मी दुसरा शोधतो. तो दिलेलाच नसेल तर बातमी बाजूला ठेवतो.

घरातल्या कुणाला चाचणीत भाग घेता का असं विचारलं, तर टप्पा कोणता ते आधी विचारा. पहिला टप्पा डोस आणि सुरक्षिततेचा, दुसरा औषध काही काम करतं का याचा, तिसरा चालू इलाजाशी तुलनेचा. 'प्लासिबो' म्हणजे औषधासारखी दिसणारी पोकळ गोळी. ती कळली की लोक उठून जातात. पण कॅन्सरच्या चाचण्यांत परिणामकारक इलाज उपलब्ध असताना तो काढून नुसती पोकळ गोळी देत नाहीत; सहसा चालू इलाज दोघांनाही, आणि त्यावर एकाला नवं औषध, दुसऱ्याला पोकळ गोळी. भारतात २००९ पासून चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणं सक्तीचं आहे, आणि ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही बघता येते. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. सही केल्यावरही कोणत्याही दिवशी, कारण न देता बाहेर पडता येतं, आणि त्यानं तुमचा नेहमीचा इलाज थांबत नाही. हे त्या कागदावर लिहिलेलं असतं, बहुतेक मागच्या पानांवर.